करडा ठिपका आणि लपविलेले नाव



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की तह, लढाया, सनदा आणि बखरी ह्यांची अपेक्षा धरून आपण येता. आज मी बोलणार आहे तो विषय घरातल्या नातवंडांच्या हाती असतो. पडद्यावर खेळावयाचे कोड्याचे खेळ, त्यांतले एकापुढे एक येणारे टप्पे, म्हणजे मुलांच्या भाषेत 'लेव्हल', आणि त्या टप्प्यांत दडवून ठेवलेल्या वस्तू, हा तो विषय. ऐकताना तो पोरकट वाटेल. पण ह्या दडविलेल्या वस्तूंचे मूळ शोधीत मागे जावे तर आपण एका कारागिराच्या नावापाशी आणि ते नाव छापावयास तयार नसलेल्या एका कंपनीपाशी जाऊन पोहोचतो. कारागिराच्या नावाचा प्रश्न इतिहासाला नवा नाही. वेरूळचे कैलास लेणे आपण राष्ट्रकूट राजाच्या नावे सांगतो. छिन्नी धरणाऱ्या हातांची नावे आपणास ठाऊक नाहीत. आमचे संत मात्र ह्या बाबतीत अधिक सावध होते म्हणावयाचे. अभंगाच्या शेवटच्या चरणात त्यांनी आपले नाव असे गुंफून ठेवले की अभंग म्हणणाऱ्याला ते गाळताच येऊ नये.

प्रथम दोन शब्द खेळाच्या घडणीविषयी. पडद्यावरच्या कोड्याचा अगदी शुद्ध नमुना पाहावयाचा असेल तर तो जपानात हिरोयुकी इमाबायाशी ह्यांनी रचलेला आणि १९८२ साली विक्रीस आलेला 'सोकोबान'. सोकोबान म्हणजे गोदामाचा रखवालदार. त्याने पेट्या ढकलीत ढकलीत ठरलेल्या जागी नेऊन ठेवावयाच्या. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही, एवढा एकच नियम. पेटी कोपऱ्यात गेली की ती तेथेच रुतली, आणि डाव पहिल्यापासून मांडावयाचा. ह्या खेळात काहीही लपविलेले नाही. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे सारे डोळ्यांसमोर असते. तात्पर्य, कोड्याच्या खेळात काही लपविलेच पाहिजे असा शास्त्रार्थ नाही. मग लपविण्याची ही चाल आली कोठून?

त्यासाठी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात जावे लागते. तेथे नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी ह्यांनी १९७२ साली 'अटारी' नावाची कंपनी काढली. १९७६ साली ती वॉर्नर ह्या बड्या उद्योगसमूहाने विकत घेतली आणि १९७७ साली तिने घरच्या टीव्हीला जोडावयाचे एक यंत्र बाजारात आणले. यंत्र एकच, खेळ बदलावयाचा तर त्यात वेगळी डबी खोचावयाची. इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणतात. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात अशी यंत्रे घरोघर आली तेव्हा मुले तिलाच कॅसेट म्हणत. त्या वेळच्या डबीत माहिती मावे ती सामान्यतः ४,०९६ अक्षरांएवढी, म्हणजे दैनिकातल्या एखाद्या अग्रलेखाइतकी. आणि खेळ चालू असताना यंत्राला तात्पुरती टिपणे ठेवावयास जागा किती? अवघी १२८ अक्षरे. पोस्टकार्डावर ह्याहून अधिक मजकूर मावतो.

एवढ्याशा जागेत अख्खा खेळ बसविणे हे एकट्या माणसाचे काम असे. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे, आणि यंत्राला समजेल अशा भाषेत ओळ न् ओळ लिहिणेही त्याचेच. कादंबरी जशी एका हातची असते तसा हा खेळ एका हातचा असे. परंतु खोक्यावर नाव छापले जाई ते कंपनीचे. कंपनीची सूत्रे पुढे रे कसार ह्यांच्या हाती आली. हे गृहस्थ कापडधंद्यातून आलेले. टॉवेलवर वीणकामाचा नमुना काढणाऱ्याचे नाव कोणी छापीत नाही, मग खेळ रचणाऱ्याचे का छापावे, असा त्यांचा एकूण रोख असल्याचे त्या वेळचे कारागीर सांगत आले आहेत. व्यापाराच्या दृष्टीने ह्यात हिशेब होता, हेही मान्य केले पाहिजे. नाव झाले की माणसाची किंमत वाढते, आणि शेजारची कंपनी त्याला पळवून नेते.

ह्या कंपनीत १९७७ च्या अखेरीस वॉरन रॉबिनेट हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण नोकरीस लागला. पुढच्या वर्षी त्याने एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मोठ्या संगणकावरचा एक खेळ पाहिला. त्यात चित्रे नव्हती. गुहेचे वर्णन शब्दांत येई आणि खेळणाऱ्याने 'उत्तरेस जा', 'दिवा घे' असे लिहून पुढे सरकावयाचे. विल क्राउदर ह्या गुहा धुंडाळणाऱ्या संगणकज्ञाने केंटकी राज्यातल्या खऱ्या गुहांवरून तो रचला होता आणि डॉन वुड्स ह्याने त्यात भर घातली होती. हाच खेळ शब्दांऐवजी चित्रांत, मोठ्या संगणकाऐवजी आपल्या ४,०९६ अक्षरांच्या डबीत बसवावा असे रॉबिनेटच्या मनाने घेतले. हे होणे नाही, असे त्याच्या वरिष्ठाने त्याला सांगितले होते, अशी त्याची आठवण आहे. त्याने ते केले. 'अ‍ॅडव्हेंचर' ह्या नावाने तो खेळ १९८० साली बाजारात आला.

खेळ आज पाहिला तर हसू येते. नायक म्हणजे एक चौकोनी ठिपका. ड्रॅगन म्हणजे आगओके अजगर तीन आहेत, आणि ते तिन्ही बदकासारखे दिसतात. पण रचना पाहा. तीस दालने, सोनेरी, काळा आणि पांढरा असे तीन किल्ले, प्रत्येकाची किल्ली वेगळी. एक तलवार, एक लोहचुंबक, भिंतीवरून पलीकडे जावयास एक पूल, आणि कोठूनही येऊन हातची वस्तू पळविणारे एक वटवाघूळ. चोरीला गेलेला मंतरलेला प्याला शोधून सोनेरी किल्ल्यात आणावयाचा. खेळाच्या पायऱ्या तीन. पहिली सोपी, दुसरी अवघड, आणि तिसरीत वस्तू दरवेळी नव्या ठिकाणी पडलेल्या, त्यामुळे पाठांतर फुकट. एका वेळी हातात एकच वस्तू धरता येते. एवढ्या एका नियमामुळे चालण्याफिरण्याचा खेळ कोड्याचा खेळ होतो. तलवार टाकून किल्ली घ्यावी तर वाटेत अजगर, पूल घ्यावा तर किल्ली मागे राहते.

ह्या सगळ्यात रॉबिनेटने कोणासही न सांगता आणखी एक दालन बांधले.

काळ्या किल्ल्यात एक भुलभुलैया आहे. तेथे चारी बाजूंनी बंद अशी एक खोली. पूल नेऊन भिंतीवर टाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. आत एक ठिपका पडलेला, पडद्यावरच्या लहानात लहान कणाएवढा, आणि रंग करडा, पार्श्वभूमीचाही तोच. म्हणजे समोर असून तो दिसावयाचा नाही. अंगाशी येऊन चिकटला तरच हाती लागावयाचा. हाती लागला तरी त्याचा उपयोग काय ते खेळात कोठे सांगितलेले नाही. तो उचलून सोनेरी किल्ल्याखालच्या वाटेने एका विशिष्ट दालनात न्यावयाचा आणि त्या दालनात आणखी एकदोन वस्तू आणून टाकावयाच्या. यंत्राला एका वेळी दोनच वस्तू रेखाटता येत; तिसरी आली की ते आळीपाळीने रेखाटू लागे आणि सारे लुकलुके. तशी उजव्या कडेची उभी भिंतही लुकलुकू लागते, आणि त्या क्षणी तिच्यातून आरपार जाता येते. पलीकडे रिकामी खोली. तिच्या मधोमध, रंग बदलणाऱ्या अक्षरांत, वरून खाली एक मजकूर लिहिलेला: हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला.

बस्स, एवढेच. तेथे धन नाही, गुण वाढत नाहीत. प्याल्याच्या शोधाशी त्या खोलीचा काडीचा संबंध नाही. ह्या एका खोलीने डबीतली सुमारे पाच टक्के जागा खाल्ली होती. जेथे प्रत्येक अक्षराची काटकसर चाललेली, तेथे सुमारे दोनशे अक्षरे स्वतःच्या नावासाठी खर्ची घातली, ह्यावरून सल किती खोल होता ते समजते. त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याचा पगार वर्षाला २२,००० डॉलरच्या आसपास होता, आणि खेळाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. त्यांतला वाटा शून्य. डबी साच्यात पडण्यापूर्वी कोणाला सुगावा लागता तर नाव पुसले गेले असते आणि बहुधा नोकरीही गेली असती. म्हणून तो गप्प राहिला, मित्रांपाशीदेखील बोलला नाही, आणि १९७९ साली राजीनामा देऊन निघून गेला.

गुपित फुटले ते एका मुलाच्या पत्राने. यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीतल्या पंधरा वर्षांच्या एका खेळाडूने १९८० साली कंपनीस कळविले की आपल्या खेळात अशी अशी एक खोली आहे आणि तेथे अमक्याचे नाव आहे. कंपनीत धावपळ उडाली. ब्रॅड स्ट्यूअर्ट ह्या कारागिराकडे ती ओळ शोधण्याचे काम आले. मला ती बदलावयास सांगितलीत तर मी तेथे 'ब्रॅड स्ट्यूअर्टने दुरुस्त केले' असे घालीन, असे त्याने थट्टेने म्हटल्याचे सांगतात. पण बदलणे सोपे नव्हते. डबीतला मजकूर कारखान्यात कायमचा ठसविलेला असे. नवा साचा करावयाचा तर सुमारे दहा हजार डॉलरचा खर्च. तेव्हा स्टीव्ह राइट ह्या अधिकाऱ्याने तोडगा काढला: राहू द्या, खेळाडूंना हे आवडते आहे, आपण मुद्दामच अशा वस्तू ठेवू या. ईस्टरच्या सणात ख्रिस्ती घरांतून रंगविलेली अंडी बागेत दडवितात आणि मुले ती हुडकून काढतात. त्यावरून त्यांनी ह्या प्रकाराला 'ईस्टर एग' हे नाव दिले. आज जगभर तोच शब्द रूढ आहे.

मला ह्या कथेतला हाच भाग सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. कंपनीने बंड मोडले नाही. ते विकावयास काढले. सहीची जाहिरात झाली. आणि गंमत अशी की सही कोणाची, कशासाठी, हा प्रश्न त्या सणाच्या गोड नावाखाली झाकला गेला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ ह्याने १९८२ च्या 'यार्स रिव्हेंज' ह्या खेळात आपली आद्याक्षरे दडविली तेव्हा तो चोरीचा मामला उरला नव्हता. खेळाच्या नावातल्या 'यार'ची इंग्रजी अक्षरे मात्र उलटी वाचून पाहा: 'रे' निघते, म्हणजे रे कसार. कारागीर तो कारागीर. दरवाजा उघडा ठेवला तरी खिडकीतून यावयाचा.

सगळ्यांनीच अशी गुप्त वाट धरली नाही. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड ह्या चौघांनी उघड मागणी केली. खोक्यावर नाव द्या आणि खपाचा काही अंश द्या, जसा ग्रंथकाराला देतात. उत्तर असे मिळाले की खेळ घडविण्यात तुमचा वाटा डब्या जुळविणाऱ्या कामगाराहून अधिक नाही. हे क्रेनने पुढे अनेकदा सांगितले आहे. चौघे बाहेर पडले आणि जिम लेव्ही ह्यांच्यासह १९७९ साली त्यांनी 'अ‍ॅक्टिव्हिजन' ही कंपनी काढली. अटारीने त्यांच्यावर दावा लावला. तो पुढे मिटला. नव्या कंपनीच्या खेळांवर रचणाऱ्याचे नाव छापलेले असे. क्रेनचा 'पिटफॉल' १९८२ साली आला. त्यात जंगलाची २५५ दृश्ये, बत्तीस खजिने, आणि ते गोळा करावयास वीस मिनिटे. हे खजिने दुर्गम आहेत, पण त्यांत गुपित असे काही नाही. बत्तीस म्हणजे बत्तीस, मोजून घ्या. नाव खोक्यावर आल्यावर आतल्या वस्तू नुसत्या वस्तू होतात, हे मी योगायोग मानीत नाही. अर्थात हा माझा तर्क आहे.

खुद्द रॉबिनेटने १९८० साली इतरांच्या सहकार्याने शैक्षणिक खेळांची 'लर्निंग कंपनी' स्थापन केली आणि लेस्ली ग्रिम ह्यांच्यासह 'रॉकीज बूट्स' हा खेळ १९८२ मध्ये काढला. 'आणि', 'किंवा', 'नाही' ह्या तर्कशास्त्रातल्या तीन जोडांनी यंत्रे जुळवीत मुलांनी कोडी सोडवावयाची. दालनांची बांधणी 'अ‍ॅडव्हेंचर'चीच, एकातून दुसऱ्यात जाणारी.

इकडे जपानात काय चालले होते? तेथेही तीच नामबंदी. कंपन्या आपल्या माणसांची नावे बाहेर पडू देत नसत. कोठे श्रेयनामावली आलीच तर टोपणनावांची. नाम्को कंपनीच्या मासानोबु एंडो ह्यांनी १९८२-८३ च्या सुमारास 'झेवियस' हा विमानांचा खेळ रचला. सुरुवातीलाच विमान उजव्या कडेला नेऊन बॉम्ब टाकीत राहिले की पडद्यावर रचणाऱ्याचे नाव उमटते, तेही टोपणनावच. त्याच खेळात मोकळ्या दिसणाऱ्या जमिनीखाली मनोरे दडविले होते. तेथे बॉम्ब पडला तरच ते वर येत.

पण एंडोंचा खरा अघोरी प्रयोग १९८४ सालचा, 'टॉवर ऑफ ड्रुआगा'. साठ मजल्यांचा मनोरा, प्रत्येक मजला म्हणजे एक भुलभुलैया, आणि बहुतेक मजल्यांवर एक अदृश्य पेटी. पेटी प्रकट होण्याची अट दर मजल्याला निराळी आणि ती कोठेही लिहिलेली नाही. कोठे अमुक राक्षस अमुक क्रमाने मारावयाचे, कोठे यंत्रावरचे खेळ सुरू करण्याचे बटण दाबावयाचे. काही पेट्या नुसत्या शोभेच्या. काही मात्र अशा की त्या खालच्या मजल्यावर राहून गेल्या तर वरती कितीही पराक्रम करा, मनोरा सर होत नाही. आणि हे सारे घरी नव्हे, खेळघरात, नाण्यामागून नाणे टाकून. एकट्यादुकट्याने हे सुटणे अशक्य. म्हणून खेळणारी मुले वह्या करू लागली, सापडलेली अट टिपून ठेवू लागली, एकमेकांना सांगू लागली. ह्याला मी क्रूर रचना म्हणेन. खेळाडूच्या खिशाशी इतका निर्दयपणा क्षम्य नव्हे. तरीही मान्य करावे लागते की अनोळखी माणसांना एका वहीभोवती बसविण्याचे काम ह्या अन्यायी खेळाने केले.

पुढच्या वीस वर्षांचा वृत्तान्त मी थोडक्यात आटोपतो. लपविलेल्या वस्तू हा खेळांचा रिवाज झाला, मग कर्तव्य झाले. खोक्याच्या पाठीवर त्यांचा आकडा छापून येऊ लागला; पडद्याच्या कोपऱ्यात 'दहापैकी तीन' असे दिसू लागले. २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या नव्या यंत्राबरोबर तर खेळाडूच्या अशा कामगिऱ्यांना गुण देऊन त्यांची बेरीज मांडण्याची व्यवस्थाच सुरू झाली. लपविलेल्या वस्तूची यादी लपविणाऱ्यानेच द्यावयाची! गुप्त धनाची जाहिरात भिंतीवर लावण्यासारखेच हे झाले.

ह्या पार्श्वभूमीवर २००८ सालचा 'ब्रेड' पाहावयाचा. इंग्रजी शब्द वेणी ह्या अर्थाचा; पावाशी संबंध नाही. जोनाथन ब्लो ह्यांनी तो रचला, चित्रे डेव्हिड हेलमन ह्यांची, आणि दोघांची नावे उजळ माथ्याने सर्वांसमोर. टिम नावाचा नायक काळ मागे नेऊ शकतो. चुकले की क्षणभर मागे जाऊन पुन्हा करावे. पण प्रत्येक भागात काळाचा नियम पालटतो. एका भागात काही वस्तू काळाबरोबर मागे जात नाहीत. एकात नायक उजवीकडे चालला तर जगाचा काळ पुढे सरकतो आणि तो डावीकडे वळला की मागे. ह्या भागांत चित्रांचे तुकडे विखुरलेले आहेत, पाच भागांत बारा बारा मिळून साठ. हे तुकडे लपविलेले नाहीत. समोर लोंबत असतात, पण तेथवर पोहोचावयास डोके चालवावे लागते. ते जुळवून चित्र पुरे करावयाचे. सगळी चित्रे पुरी झाली की शेवटचा भाग उघडतो.

इतका उघड व्यवहार करून झाल्यावर ब्लो ह्यांनी आठ तारे दडविले आहेत, आणि त्यांच्याविषयी खेळ एक अक्षर बोलत नाही. आरंभीच्या आकाशात एक नक्षत्र फिके दिसते, एवढीच काय ती खूण. पहिल्याच मुलखातला एक तारा मिळवावयाचा तर एका ढगावर उभे राहावे लागते. तो ढग इतका संथ सरकतो की मुक्कामास पोहोचावयास जवळजवळ दोन तास लागतात. करावयाचे काहीच नाही, थांबावयाचे. काळाशी खेळणाऱ्या खेळात काळ तेवढा खर्चावा लागतो. दुसरा तारा तर त्याहून कठीण मनोवृत्ती मागतो: चित्राचे तुकडे योग्य रीतीने जुळविण्यापूर्वी ते चुकीच्या रीतीने मांडले तर त्यांवरच्या रेषांतून ताऱ्याचा आकार होतो. ज्याने शहाण्या मुलासारखे चित्र आधीच पुरे केले त्याला तो तारा मिळत नाही. सारा खेळ पुसून पहिल्यापासून आरंभ. आठही तारे मिळाले की नक्षत्र पुरे होते ते देवयानीचे, ज्याला ग्रीक कथेत साखळदंडाने बांधलेली राजकन्या मानतात, आणि खेळाचा शेवटही पालटतो. ज्या राजकन्येला गाठावयाचे म्हणून साऱ्या कोड्यांचा खटाटोप, तिला स्पर्श होताच स्फोट होतो.

रॉबिनेटने खोली बांधली तेव्हा सापडणाऱ्याला त्याचे नाव मिळत होते. ब्लो ह्यांच्या ताऱ्यांतून सापडणाऱ्याला स्वतःच्याच हव्यासाचा जाब मिळतो. नाव उघड झाल्यावर लपविण्याजोगे जे उरते ते हे. म्हणूनच ढगावरचे दोन तास मला व्यर्थ वाटत नाहीत. पुष्कळांना ते व्यर्थ वाटले, आणि त्यांचीही बाजू आहे.

आता 'पहिला कोण' हा प्रश्न. रॉबिनेटचे नाव आज सर्वतोमुखी आहे. अर्नेस्ट क्लाइन ह्यांच्या 'रेडी प्लेअर वन' ह्या २०११ च्या कादंबरीत आणि तिच्यावरून स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांनी काढलेल्या २०१८ च्या चित्रपटात कथेचा उलगडाच त्या करड्या ठिपक्याशी जोडलेला आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने 'पहिला' हा शब्द जपून वापरावा. फेअरचाइल्ड कंपनीच्या यंत्रावरील १९७८ च्या एका खेळात ब्रॅडली रीड-सेल्थ ह्याचे नाव दडविलेले सापडले. आणि त्याच्याही मागे, खुद्द अटारीच्याच १९७७ च्या 'स्टारशिप वन' ह्या नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात रॉन मिल्नर ह्यांनी एक युक्ती करून ठेवली होती. ती कशी चालवावयाची हे त्यांना स्वतःलाही आठवत नव्हते. २०१७ साली एड फ्राइस ह्यांनी जुने यंत्र आणि त्याची आज्ञावली तपासून ती शोधून काढली. ठरावीक कळा ठरावीक क्रमाने दाबून धरावयाच्या आणि नाणे टाकावयाचे. चाळीस वर्षांनी पडद्यावर अक्षरे उमटली. आडनाव नव्हते, नुसतेच 'हाय रॉन!', आणि त्याबरोबर दहा डाव फुकट.